आतली कडी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला, वाशीम रोडवर, टायरच्या दुकानाला लागून, नलूबाई इंगोल्यांचं फर्निचरचं दुकान होतं. आत शिरणारा माणूस आधी विचारायचा, "मिस्त्री कुठी हाय?" नलूबाई हातातला रंधा बाजूला ठेवायच्या, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या आणि म्हणायच्या, "बोला." माणूस पुन्हा इकडेतिकडे बघायचा. त्या पुन्हा म्हणायच्या, "बोला ना बापा. मिस्त्री मरून सतरा वर्षं झाले. त्याची वाट पाहाल तर तुमच्या पोरीचं लग्न राहीन."

नवरा वारल्यावर दिराला दुकान विकायचं होतं. नलूबाईंनी तेरावं झाल्यावर शटर वर केलं, अर्धवट राहिलेला एक पलंग पुरा केला आणि गिऱ्हाईकाच्या घरी पोचवला. त्या धीराचं कौतुक करायला गेलं की त्या चिडायच्या. "कायचा धीर वं? लग्नाचा पलंग होता. लग्न थांबते का?"

त्यांचा सगळा धंदा लग्नांवरच चालायचा. आमच्याकडे मुलीच्या लग्नात बाप आंदण देतो. पलंग, कपाट, आरशाचं टेबल. हुंड्याला कायद्यानं बंदी आहे म्हणून याला हुंडा म्हणत नाहीत, प्रेमानं दिलं म्हणतात. टेम्पोत चढवलेलं ते प्रेम नवरीच्या आधी सासरी पोचतं आणि वरातीतले लोक त्याला हात लावून लाकूड कोणतं ते बघतात. तालुक्यातल्या कित्येक घरांत नलूबाईंच्या हातचं आंदण आहे. पलंग झाला की त्या स्वतः त्यावर धपकन बसायच्या. करकरला तर पुन्हा खोलायच्या. चांगला झाला असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. फार तर म्हणायच्या, "ने आता."

यातलं काही सामान वर्षा-दोन वर्षांत दुरुस्तीला परत यायचं. वापरानं मोडलेला पलंग आणि आपटून मोडलेला पलंग यांत फरक असतो, हे मला नलूबाईंनी शिकवलं. वापरानं आधी सांधे सैल होतात, मग पाटी वाकते. आपटला तर पाय मुळातून फाटतो. कपाटाची फळी खालच्या बाजूला फुटली असेल तर ती हलवताना लागलेली असते. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आत फुटली असेल, तर तिथं कोणाचा तरी खांदा आपटलेला असतो. नलूबाई फळीवरून बोटं फिरवायच्या आणि नवी फळी कापायला घ्यायच्या. कोणत्या गावात कोणत्या घरी काय चाललं आहे हे ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलाला, शेजाऱ्याला माहीत नसतं, किंवा माहीत असून नसतं. नलूबाईंना माहीत असायचं.

फुटलेला आरसा बदलायला नवरा एकटाच आला, की त्या टेप खाली ठेवायच्या. "बाईले घेऊन ये. तिच्या उंचीनं आरसा बसवा लागते." खरं तर आरसा बदलायला बाई लागत नाही, जुन्या चौकटीचं माप पुरतं. पण नलूबाई अडून बसायच्या आणि नवऱ्याला बायको आणावी लागायची. मग त्या तिला भिंतीला पाठ लावून उभी करायच्या, टेप खाली सोडायच्या, आणि माप घेण्याच्या निमित्तानं तिची मान, दंड, मनगटं बघून घ्यायच्या. टेप गुंडाळताना हळूच एक वाक्य बोलायच्या. "मी रोज नऊ वाजता दुकान उघडतो." त्यापुढे ना सल्ला, ना सहानुभूती.

मी तेव्हा एम. ए. करून नुकतीच गावी परत आले होते. आमच्या घरी भांड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, मी बसस्टँडवर वाटायचे. ज्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नाही ते वाक्य अपुरं आहे, असं मला बारा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं. नलूबाईंची ती माप घ्यायची पद्धत कळल्यावर मी पेटून उठले. म्हटलं, "काकू, तुमच्याकडे अख्ख्या तालुक्याची यादी आहे. नावं द्या. मी अर्ज लिहिते."

"मंग?"

"मग पोलीस जातील."

"मंग पोलीस चाय पिऊन येतील. रात्री तिच्याजवळ तू राहशील का?" त्यांनी पेन्सिल परत अंबाड्यात खोचली. "यादी नको करू वं पत्रकवाली. जागा कर. मार खाल्लेल्या बाईले पह्यले जागा लागते. बाकी सारं मागून."

तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

मानोऱ्याकडच्या एका गावातला विलास पहिल्यांदा आरसा घेऊन आला तेव्हा एकटाच होता. बायको कामात आहे म्हणाला, आणि त्या दिवशी नलूबाई दुकानात नव्हत्या, कारागिरानं आरसा बसवून दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा नलूबाई अडून बसल्या, म्हणून तो सुनंदाला घेऊन आला. गरिबाघरचा नव्हता. बारा एकर ओलिताची जमीन, दारात ट्रॅक्टर, अंगात इस्त्रीचा शर्ट. नलूबाईंनी सुनंदाचं माप घेतलं आणि टेप गुंडाळताना ते वाक्य म्हटलं. तिसऱ्यांदा आरसा फुटला तेव्हा आरसा आला नाही. सकाळच्या गाडीनं सुनंदाच आली. सहा वर्षांची गुड्डी कडेवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. शटर अर्धंच वर गेलं होतं. तिनं वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काकू, नऊ वाजले का?"

दुसऱ्या दिवशी विलास दुकानात आला आणि उभ्या करून ठेवलेल्या फळ्यांच्या मागं बघून गेला. सुनंदा आणि गुड्डी तेवढ्या वेळ टायरवाल्याच्या बायकोजवळ होत्या. तो फळ्या सरकवत असताना नलूबाई रंधा मारतच होत्या. "शोध बापा. फळ्या मात्र जागेवर ठेव." तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा परत येते. इथं जमत नाई." तो पोचणार नाही अशी एक खोली सुनंदाला हवी होती. त्या दिवसापासून नलूबाईंनी जे जे ठोकलं, कापलं, जोडलं, ते या एका गोष्टीसाठी.

खोली नव्हती, पण घर होऊ घातलं होतं. गावातल्या एका जैन शेठजींनी आपलं तुरीचं जुनं गोडाऊन मार खाऊन घर सोडलेल्या बायका-मुलांसाठी दिलं होतं. स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, सहा महिने, वर्षभर, त्यांनी तिथं राहावं असा विचार होता. त्यासाठी एक समिती होती. शेठजी अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक कानडे सर सचिव, आणि पत्रकं लिहायला मी. अकोल्याहून आतल्या रचनेचा नकाशा करून आणला होता. एक लांब हॉल, समोरासमोर बारा खाटा, प्रत्येक खाटेशी लोखंडी पेटी. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड. त्या बारा खाटांसाठी म्हणून नलूबाईंना बोलावलं.

त्यांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला. "यात बाई कुठी हाय?"

कानडे सर म्हणाले, "अहो, नकाशात बाई कशाला दाखवतील?"

"मंग तिले झोपल्यावर दार दिसते का नाई, कसं कळन?"

सर हसले. नलूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सुनंदाला तोंडावर पदर घेऊन गोडाऊनमध्ये घेऊन आल्या. आत तुरीचा धुरळा होता, कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची थप्पी. "सुनंदा, तुले जिथं झोपाव वाटते तिथं जाऊन बस." सुनंदा उभीच राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नसावं. मग ती पोत्यांच्या थप्पीमागं गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिथून तिला दार दिसत होतं. दारातून ती दिसत नव्हती. नलूबाईंनी कनवटीचा खडू काढला आणि तिच्याभोवती जमिनीवर रेघ मारली.

त्या रेघेवरून ते घर झालं. हॉल गेला, सहा लहान खोल्या आल्या. प्रत्येक खोलीत पलंग असा, की उशाला भिंत आणि समोर दार. पलंगाखाली पोकळी नाही, चारी बाजूंनी पेटी. कारण त्यांनी गुड्डीला विचारलं होतं, तुले कायचं भेव वाटते, आणि ती म्हणाली होती, पलंगाखाली मी लपतो तर पप्पा पाय धरून ओढते. दरवाज्यांच्या चौकटीला रबराची पट्टी लावली. एकदा वाऱ्यानं दार आपटलं होतं आणि पोरीची चड्डी ओली झाली होती. आरसे लहान लावले, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिला बघायचं असेल तीच कपाट उघडून बघेल. "सुजलेलं तोंड उठल्याबरोबर कायले दाखवा लागते?" कपाटाला कुलूप आणि किल्ली एकच. समितीनं दुसरी किल्ली मागितली तेव्हा त्यांनी ती हरवली असं सांगितलं. सहाच्या सहा हरवल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी एका मोठ्या शेगडीच्या जागी तीन ओटे घातले. कानडे सर म्हणाले, एकत्र स्वयंपाक झाला तर बायकांत आपुलकी वाढेल. नलूबाई म्हणाल्या, "सर, आज भाजी कोणती करायची हे ज्या बाईनं धा वर्षांत एकदाबी ठरवलं नाई, तिले आधी भाजी ठरवू द्या. आपुलकीचं मागून पाहू."

मीही माझं काम केलं होतं. जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर, लाल रंगात, दोन-दोन फुटांची अक्षरं: अन्याय सहन करू नका. मला ते फार आवडलं होतं. दोन दिवसांनी गेले तर भिंत पांढरी. नलूबाई चुन्याची बादली धूत होत्या.

"काकू, हे का पुसलं?"

"अक्षर चांगलं होतं तुवं. पण पोरगी घास घेते आन् वर पाह्यते. जेवताना कोणी भाषण आयकते का? आन् सहन केलं म्हणजे तिचंच चुकलं, असं लिवलं होतं तू."

मी तसं लिहिलं नव्हतं. घरी जाऊन मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तसंच लिहिलं होतं.

विलास दुकानाच्या चकरा मारतच होता, म्हणून घर पुरं व्हायच्या आतच सुनंदा आणि गुड्डी पहिल्या खोलीत राहायला आल्या. सहाही दारं बसवून झाली होती. सकाळी आम्ही गेलो तर सुनंदाच्या खोलीचं दार आत ढकललं जाईना. आतून पलंग सरकवल्याचा आवाज आला, मग दार उघडलं. तो पेटीचा जड पलंग तिनं एकटीनं दारापर्यंत ओढला होता. फरशीवर चरे पडले होते.

नलूबाईंनी दाराला आतून हात लावला, मग बाहेरून. आणि तिथंच खाली बसल्या.

आमच्या गावाकडे खोलीच्या दाराला कडी बाहेरून असते. सगळे शेतात जातात, तेव्हा खोलीला कडी घालून कुलूप लावायचं असतं. आतून कडी लावून बसायचं काम कोणाला? सून आतून कडी लावून बसली तर घरात बोभाटा होतो. म्हणून मिस्त्री बाहेरची कडी ठोकतो, आतली ज्याची त्यानं बघावी. नलूबाईंनी हेच काम, आधी नवऱ्याच्या हाताखाली आणि मग एकटीनं, जन्मभर केलं होतं, आणि मार खाऊन आलेल्या बायकांच्या घरातही हात त्याच वळणावर गेले होते. सहा दारं, सहा कड्या, सगळ्या बाहेरून.

"पस्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी बाहेरून कडी ठोकून राह्यली. कोणाच्या कामाची कडी, हे एक दिवस मनात नाई आलं." त्या कोणाला सांगत नव्हत्या. मग उठून पेचकस घेतला आणि संध्याकाळपर्यंत सहाही कड्या काढल्या. काढलेली कडी त्या इतक्या जोरात जमिनीवर टाकायच्या, की शेवटी मी गुड्डीला बाहेर घेऊन गेले.

आतून कडी लावायला समिती तयार नव्हती. कानडे सरांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. दुःखी बाई आत कोंडून घेईल आणि जिवाचं काही करून बसेल, मग जबाबदार कोण? नलूबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छताचे पंख्याचे हूक सगळे कापून टाकले, पंखे भिंतीला लावले, आणि एक कडी करून आणली. आतून पडायची, पण बाहेरून फटीत लोखंडाची पातळ पट्टी घातली की उचलली जायची. पट्टी एकच, ती त्यांच्याजवळ.

सर म्हणाले, "ठीक. पण बाहेरूनही एक कडी असू द्या. रागाच्या भरात एखादी निघून गेली, परत त्याच घरी गेली, तर आपल्या कामाला काय अर्थ?"

"सर, बाहेरून कडी तर तिच्या घरी होतीच. मंग इथं कायले आली?"

शेठजींनी ती कडी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. ते म्हणाले, "लगा दो बाई, आतूनच लावा." मग कडी परत देताना म्हणाले, "आमच्या घरी पण बघावं लागेल." 

आता माझी चूक. घर उघडणार म्हणून मी पत्रक लिहिलं. वडिलांनी शिकवलं होतं, पत्ता नसलेलं पत्रक म्हणजे पळपुटेपणा. मी पत्ता घातला. जुनं तुरीचं गोडाऊन, कोणता रस्ता, कोणाच्या मागं. वर ठळक अक्षरांत: बहिणींनो, आता भिऊ नका. मानोऱ्याच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. बायकांना दिलं, पुरुषांनाही दिलं, कारण पुरुषांनीही वाचलं पाहिजे असं माझं मत होतं. अजूनही आहे.

चार दिवसांनी, भर दुपारी, विलास दोन माणसं घेऊन गोडाऊनच्या आवारात शिरला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात माझं पत्रक होतं, नीट घडी घातलेलं. त्यानं ते काढून माझ्यापुढे धरलं. "इथंच हाय ना? तुमीच लिवलं ना?"  तेवढ्यात आतून कडी पडल्याचा आवाज आला.

दारावर पहिली लाथ बसली तेव्हा नलूबाई शेजारच्या खोलीत कपाटाला फळी लावत होत्या. त्या बाहेर आल्या, टायरवाल्याला फोन लावून पोलीस आण म्हणाल्या, आणि विलासपासून दोन हातांवर उभ्या राहिल्या. मधे पडल्या नाहीत.

"मार," त्या म्हणाल्या. "सागाचं नाई हाय, पण माहं काम हाय. तुवा पाय दुखन."

"काकू, तुमी मधात पडू नका. माही बायको हाय."

"मी कुठी पडली मधात? मी दाराजवळ उभी हाय. दार माहं हाय."

त्यानं लाथा मारल्या, खांदा दिला, नाव घेऊन शिव्या दिल्या, मग आवाज मऊ करून गुड्डीला हाका मारल्या. चॉकलेट आणलं म्हणाला. ते लाथांपेक्षा वाईट होतं. आतून एक शब्द आला नाही. कडी टिकली. पोलीस आले तेव्हा तो घामानं भिजला होता आणि आम्हालाच पाणी मागत होता. नलूबाईंनी दिलं. पोलिसांनी त्याला समज देऊन घरी पाठवलं.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "काकू, माझ्यामुळे झालं." त्या दाराचे खिळे तपासत होत्या.  एक सैल झालेला खिळा ठोकून म्हणाल्या, "दुसऱ्या खोलीवाल्या बाईचं काही लिवू नको." दुसऱ्या खोलीत तोवर कोणी आलेलंही नव्हतं.

लाथांनी जे झालं नाही ते दुसऱ्या दिवशी बैठकीनं केलं. समाजातली चार वडीलधारी माणसं आली, सासरे आले, सुनंदाचा भाऊ आणि आई आली. विलास बाहेर गाडीत बसून होता. कोणी आवाज चढवला नाही. सुनंदाच्या आईनं दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि म्हणाली, "बाई, धाकटीचं जमलं हाय. तू इथं राह्यली तर ते लोक नाई म्हणून राह्यले." बस, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रडत नव्हती. दळण दळावं तसं म्हणत होती.

दोन तास दार बंद होतं. मग आतून कडी उचलल्याचा आवाज आला. सुनंदा पिशवी घेऊन बाहेर आली, गुड्डीचे केस विंचरलेले होते. मी आडवी गेले. कायदा सांगितला, हक्क सांगितले, धाकटीच्या लग्नासाठी मोठीनं मरायचं का असं तिच्या आईसमोर विचारलं. सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला आणि बाजूला केला. मी नलूबाईंवर ओरडले. "तुम्ही थांबवा तिला. बाहेरून कडी असती तर आज ती गेली नसती."

माझं वाक्य मलाच ऐकू आलं. कानडे सर खाली बघत होते.

"म्हणूनच नाई लावली," नलूबाई म्हणाल्या. "तिनं सोता काढली कडी. आता तिच्या मनानं परत लावायची असन तर कुठी लावन, ते पाहू दे मले." आणि त्या बैठकीच्या मधोमध जाऊन बसल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "पाटील, पोरगी येऊन राह्यली तुमच्या घरी. तुमी सारे म्हणता आता त्रास नाई होणार. मंग माही एक गोष्ट आयका. तिच्या खोलीले एक कडी बसवू द्या. आतून."

वडीलधारी माणसं एकमेकांकडे बघून हसली. ही बाई जमीन, पैसा, लेखी माफी असलं काही मागेल असं त्यांना वाटलं होतं. एक जण म्हणाला, "कडीच ना बाई? बसवा. दोन बसवा." सासरेही हसले. चार माणसांसमोर एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

मला तेव्हा हा पराभव वाटला, आणि आजही पराभवच वाटतो. सहा खोल्यांचं घर आम्ही उभं केलं आणि शेवटी बाईच्या हाती काय आलं, तर मारणाऱ्याच्याच घरात वीतभर लोखंड. हे मी नलूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मंग तू सांग दुसरं." 

पुढं त्या घरात दुसऱ्या बायका आल्या, सहाही खोल्या भरल्या. सुनंदा दोनदा आली आणि दोनदा परत गेली. नलूबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या, दोन दिवसांच्या तापानं. दुकानाचं शटर आता दिराच्या मुलाच्या ताब्यात आहे. शेवटच्या वर्षात मी लांब, नोकरीच्या गावी होते, म्हणून हातात हत्यार धरलेल्या नलूबाई माझ्या डोळ्यांपुढे शेवटच्या येतात त्या विलासच्या अंगणातल्या.

बैठकीनंतरच्या आठवड्यात, माझ्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन त्या आल्या. घर नवं होतं, ओट्याला चकचकीत टाइल्स. अंगणात खुर्च्यांवर सासरे, विलास आणि बैठकीतला एक म्हातारा. सुनंदाची खोली कडेला. दार उघडंच होतं; आत त्यांनीच केलेलं आरशाचं टेबल, चौकटीत आरसा नाही. नलूबाईंनी ते पाहिलं आणि दाराकडे वळल्या. बाहेरची पितळी कडी जाड होती. आतल्या बाजूला काहीच नव्हतं.

त्यांनी चौकटीवर बोटानं ठोकून बघितलं, एका जागी पोकळ वाटलं तिथला तुकडा पटाशीनं काढून नवीन लाकूड बसवलं. कडी विकतची नव्हती, घडवून आणलेली होती. स्क्रू बोटाएवढे लांब. कडी धरायची वेळ आली तेव्हा त्यांनी गुड्डीला बोलावलं. "हात वर कर. इतका नाई वं. जितका सोपा जाते तितका." पोरीचा तळवा दाराला टेकला तिथं त्यांनी पेन्सिलीनं खूण केली.

विलास खुर्चीतून म्हणाला, "एवढ्या खाली? वाकून लावा लागन आमाले."

"तुमाले लावायची नाई हाय."

शेवटचा स्क्रू बसल्यावर त्या बाहेर आल्या. सुनंदा आत होती, गुड्डी दाराशी. "लावून पाह्य," नलूबाई म्हणाल्या. दार मिटलं. कडी पडली.

"झालं ना?" विलास म्हणाला. "उघड आता."

आतून काही आलं नाही.

"गुड्डे, उघड."

तो उठला. सासऱ्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, म्हाताऱ्यानं चपलेकडे. तोवर नलूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, पाठ बरोबर त्या बंद दाराला लावून. पिशवी मांडीवर उघडली आणि एकेक हत्यार काढून पदरानं पुसायला घेतलं. सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "पाटील, चाय होईन का? लांबून आलो."

दारात आलेल्या माणसानं चहा मागितला, तर नाही म्हणता येत नाही. सासऱ्यांनी मुकाट्यानं स्वयंपाकघराकडे आवाज दिला.

"घाई नाई," नलूबाई म्हणाल्या. "चांगला उकळू द्या." आणि उभ्या असलेल्या विलासला म्हणाल्या, "बस ना बापा."

तो उभाच होता. त्यांनी पटाशी उजेडाकडे धरली, धारेवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा पुसायला लागल्या.